सोमवारची भिंत

लिंडिकोन
मंगळवार, १२ सप्टेंबर

प्रिय कास्पर,

तू खुशाल आहेस हे मला ठाऊक आहे. सकाळी जिन्यावर तुझे बूट वाजले, आईच्या दारापाशी नेहमीसारखे क्षणभर थांबले आणि मग खाली उतरले. म्हणजे तब्येत उत्तम, गुडघा शाबूत, आणि बूट बहुधा नवे. आम्हीही बरे आहोत. तुझ्या मेहुण्याची, नेवियोची, कंबर अधूनमधून बोलते. पण ती निदान बोलते तरी.

या पत्राला मी तिकीट लावलं आहे. आपल्या टपालपेट्या दारात एकमेकींना चिकटून आहेत. तरी टपालवाली सान्द्रा हे पत्र चौकातल्या पिवळ्या पेटीतून काढून मोठ्या कचेरीत नेईल, तिथे त्यावर शिक्का बसेल, आणि ते फिरून आलं की ती माझ्या पेटीवरून हात लांबवून तुझ्या पेटीत टाकेल. वर मला विचारेल, भाऊ परगावी गेलाय का. मी सांगेन, हो, तिसऱ्या मजल्यावर.

तुझ्या आक्षेपाची प्रत पालिकेनं आम्हाला पाठवली. ‘प्रस्तावित चिमणीमुळे चौकाच्या ऐतिहासिक स्वरूपास बाधा पोहोचते.’ वाचून मी खिडकीतून ऐतिहासिक स्वरूप बघून घेतलं. जुन्या धान्यकोठीच्या कमानीत पैसे काढायचं यंत्र आहे. कारंज्यावरच्या दगडी शिपायाला नाक नाही. त्याच्या पायाशी पाच भाड्याच्या स्कूटर आडव्या पडल्या आहेत. यातल्या कशाविरुद्धही तू कधी लिहिलं नाहीस. तुला खुपली ती आमची चिमणी, आणि तीसुद्धा अजून झालेली नाही.

बाबा म्हणायचे, पत्रात सगळं पहिल्यापासून लिहावं, वाचणारा विसराळू आहे असं धरून. तर ऐक. तळमजल्यावरच्या आमच्या पिझ्झाच्या दुकानातली नेवियोची विजेची भट्टी मरायला टेकली आहे. तिचे सुटे भाग बनवणारा कारखाना तिच्याआधीच मेला. नेवियो म्हणतो, आयुष्यात आता एकच भट्टी घेणार आणि ती लाकडाची; पंचावन्न वर्षांच्या माणसानं पुन्हा कपाटात पिझ्झा भाजायचा नाही. लाकडाच्या भट्टीला चिमणी लागते, चिमणीला परवानगी लागते, आणि परवानगीआधी, आपल्या या शहाण्या देशाच्या रिवाजाप्रमाणे, न बांधलेल्या चिमणीचं भूत कौलांवर उभं करावं लागतं. धातूच्या चार काठ्या, चिमणी जेवढी उंच व्हायची तेवढ्या. महिनाभर गावानं मान वर करून बघायचं आणि कुणाच्या डोळ्यांत खुपलं तर लेखी कळवायचं. इतर ठिकाणी लोक आधी घर बांधतात आणि मग शेजाऱ्याशी भांडतात. आपण भांडण आधी उरकून घेतो.

गावानं मान वर केली. औषधवाल्या केलरबाईंनी केली आणि अवघडलेल्या मानेला स्वतःच्याच दुकानातलं मलम लावलं. म्हातारा फ्रिडोलिन, जन्मभर चौकात खाटकाचं दुकान चालवून आता आमच्या खिडकीशेजारच्या राखीव टेबलावर रोज अर्धा पिझ्झा काट्यासुरीनं कापतो तो, एवढंच म्हणाला, “चर्चला जोड मिळाली.” बस. अख्ख्या गावातून आक्षेप एकच आला, आणि तो खेकड्याच्या घरातून खेकड्याच्या घराविरुद्ध. आपल्या दारावर साडेचारशे वर्षं तो लाल खेकडा रंगवलेला आहे. पूर्वजांना काय दिसलं होतं कोण जाणे. खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही म्हणतात ते खोटं नाही.

सगळ्यात गंमत म्हणजे तू माणूस मापाचा. शनिवारच्या बाजारात तू लांबून दिसलास तरी भाजीवाल्या तराजूवरचा अंगठा काढून घेतात. वजनमापांच्या खात्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडून तुझी स्वतःची एकही शिल्लक राहिलेली नाही, असं फ्रिडोलिन म्हणतो. मग हे माप तू कशानं घेतलंस? स्वरूपास बाधा किती, ग्रॅममध्ये सांग.

आता चेष्टा बाजूला. पुढच्या गुरुवारी पालिकेची माणसं जागेवर पाहणीला येणार आहेत. तुझा आक्षेप टिकला तर चिमणी नाही, आणि चिमणी नाही तर भट्टी नाही. मग नेवियो थांबणार नाही. चष्मे विकणाऱ्या एका मोठ्या दुकानानं खालचा मजला मागितला आहे. ते लोक वास सोडत नाहीत, आवाज करत नाहीत, त्यांच्याकडे कुणी संध्याकाळी खुर्च्या ओढत नाही. तुझं त्यांच्याशी छान जमेल. आम्ही मग इटलीत, लेच्चेला, नेवियोच्या बहिणीकडे. तिथे जिने घराच्या बाहेरून असतात आणि जिन्यावर लोक एकमेकांशी बोलतात.

आपलं भांडण झालंय असं गाव समजतं. कसलं भांडण? भांडायला आधी बोलावं लागतं. आईला पोचवून आल्यावर हिर्शन खानावळीत रिवाजाप्रमाणे थंड मांस आणि बटाट्याची कोशिंबीर खाताना तू मला विचारलं होतंस, “आता सोमवारचं काय?” धुण्याच्या सामाईक खोलीत आईचा वार सोमवार, तुझा शुक्रवार. मी म्हटलं, तूच घे. तू मान हलवलीस. ते आपलं शेवटचं बोलणं. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून शुक्रवारही तुझा आणि सोमवारही तुझा, आणि मी बघते की सोमवारी तू यंत्रात दोन टॉवेल आणि उशीचा एक अभ्रा टाकून समोर बसून राहतोस. एकट्या माणसाला धुण्याचे दोन दिवस कशाला लागतात, कास्पर? पण ते असो. खोलीची किल्ली तू खिळ्यावर वेळेवर अडकवतोस, याबद्दल तक्रार नाही.

आक्षेपाची शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. ‘आमच्या दिवंगत मातोश्रींनाही हे पसंत पडले नसते.’ कायद्याच्या भाषेत मध्येच आई. या ओळीबद्दल मला बोलायचं होतं. पण बोलणार नाही. मी शब्द दिलेला आहे. कुणाला, तेही विचारू नकोस.

गुरुवारी भेटूच, चौकात, काठ्यांखाली.

तुझी खालच्या मजल्यावरची
रेगुला

ता. क. काठ्या उभ्या करण्याआधी आम्ही पद्धतीप्रमाणे पांढऱ्या वाइनची बाटली घेऊन साऱ्या शेजाऱ्यांकडे सांगायला गेलो आणि तुझ्याकडे आलो नाही, हे तू मनात धरलं असशील. घरच्या माणसाकडे कुणी बाटली घेऊन जातं का? कारण तेवढंच. दुसरं काही नाही.


लिंडिकोन
शुक्रवार, १५ सप्टेंबर

रेगुला,

पत्र मिळालं. त्यातल्या चुका दुरुस्त करतो.

खेकडा साडेचारशे वर्षांचा नाही. घर तेवढं जुनं आहे. खेकडा आजोबांनी १९३१ साली रंगवून घेतला. त्याआधी तिथे नुसता दगड होता.

पूर्वेकडची काठी चार सेंटीमीटर जास्त उंच बसवली आहे. मी पालिकेला कळवलेलं नाही.

माझे बूट आईच्या दारापाशी थांबत नाहीत. तिथली पायरी झिजली आहे. जपून उतरावं लागतं.

आक्षेपाबद्दल बोलायचं ते गुरुवारी सगळ्यांसमोर बोलेन. खाजगीत बोलायला मला कुणी बोलावलेलं नाही. तू कुणाला शब्द दिलास तेही मी विचारलेलं नाही.

कास्पर

धुण्याच्या खोलीत तुमचा एक निळा मोजा राहिला होता. किल्लीच्या खिळ्याला अडकवला आहे.


लिंडिकोन
शुक्रवार, २२ सप्टेंबर

प्रिय कास्पर,

मोजा मिळाला. नेवियोचा होता. आभारी आहे.

काल तू चौकात होतास, तेव्हा काय घडलं ते तुला सांगायची गरज नाही असं तू म्हणशील. पण तू काठ्यांकडे बघत होतास आणि मी तुझ्याकडे. म्हणून मला दिसलं ते लिहिते.

आमची बाहेरची सगळी टेबलं भरलेली होती. गुरुवारी दुपारी ती कधी भरत नाहीत. फुकटचं नाटक असलं की या गावाला भूक लागते. केलरबाईंनी दुकानाला कुलूप घालून मार्गारिटा पिझ्झा मागवला होता आणि त्याचे बुद्धिबळाच्या घरांएवढे चौकोन पाडत होत्या, तिसऱ्या अंकापर्यंत पुरवण्यासाठी. पालिकेचे ग्रोब फाईल छातीशी धरून उभे होते. जुन्या इमारती जपणाऱ्या खात्याच्या बाई चौकभर पुढेमागे चालल्या, डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलतं केलं आणि म्हणाल्या की काठ्या कारंज्याच्या कठड्यावर चढून बघितल्या तरच नीट दिसतात.

“कठड्यावर चढायला मनाई आहे,” फ्रिडोलिन टेबलावरून म्हणाला. ग्रोबनी तेही लिहून घेतलं.

मग तू खिशातून कागद काढून वाचलास. आवाज तराजू नापास करतानाचा. बाधा, स्वरूप, परंपरा. पण मातोश्रींची ओळ आली तेव्हा तू ती वगळलीस. माझ्या हातात प्रत होती, मी बोट ठेवून ऐकत होते. ती ओळ तू का गाळलीस हे मला तेव्हा कळलं नाही.

बाईंनी सांगितलं की त्यांच्या खात्याची हरकत नाही. ग्रोब फाईल मिटायला लागले. तू गप्प राहिला असतास तर सगळं तिथेच संपलं असतं, आमच्या बाजूनं. माझा जीव भांड्यात पडत होता, तेवढ्यात तू म्हणालास, “आणि जुनं धुराडं?”

ग्रोब म्हणाले, ती तर अटच आहे. वडिलांच्या बेकरीची भट्टी आता नियमात बसत नाही, बंद आहे, मग तिचं धुराडं मोकळं ठेवता येत नाही. नवी चिमणी झाली की जुनं वरपासून खालपर्यंत सिमेंटनं भरायचं.

“ते माझ्या खोलीच्या भिंतीतून जातं.”

“बरोबर. तुम्हाला त्रास काही नाही, अम्मानसाहेब. वरून ओततात.”

“भिंत गरम व्हायची,” तू म्हणालास. “सोमवारी.”

कास्पर, माझ्या हातात पाण्यानं भरलेली सुरई होती. मी ती कुणाच्या तरी टेबलावर ठेवली, कुणाच्या ते आठवत नाही. नेवियो दारात उभा होता. त्यानं पिठाचे हात एप्रनला पुसले, बघितले, आणि परत पुसले.

“सोमवारी?” ग्रोबनी फाईल पुन्हा उघडली. “सोमवारी तर यांची सुट्टी असते. आणि ती भट्टी तुमचे वडील गेल्यापासून सीलबंद आहे. सील आमचंच आहे. तुम्ही कधीची गोष्ट म्हणताय?”

केलरबाईंची सुरी थांबली. चर्चच्या घड्याळानं पाव तासाचा टोला दिला. तुझ्याकडे एक वाक्य होतं. पालिकेनं सील केलेली भट्टी चोरून पेटवली, एवढं म्हटलं असतंस की चिमणी गेली, पाठोपाठ नेवियोचा परवाना गेला, आणि खेकड्याच्या घराचं नाव सगळ्या प्रांतात गेलं असतं. तू जन्मात कुणाचा पाच ग्रॅमचा फरक सोडला नाहीस. बाबांनी वेणीपावाचं वजन चुकवलं तेव्हा त्यांनाही नोटीस देणारा माणूस तू.

तू माझ्याकडे बघितलंस. दोन वर्षांत पहिल्यांदा, सरळ.

“मग माझी चूक झाली असेल,” तू ग्रोबना म्हणालास.

फ्रिडोलिनचा पेला ओठांशी जाऊन थांबला. “कास्परची चूक,” तो म्हणाला. “केलरबाई, तारीख लिहून ठेवा.” सगळे हसले, ग्रोबही. तू हसला नाहीस. कागदाची घडी घातलीस आणि घरात गेलास. जिन्यावर तुझे बूट वाजले आणि आईच्या दारापाशी थांबले. पायरी झिजलेली आहे, माहीत आहे मला. पण ती उतरताना जपायची असते. तू चढत होतास.

तर आता मी शब्द मोडते. हे वाचून झालं की पत्र जाळून टाक. तुझ्याकडे चूल नाही, तरी काहीतरी कर.

तुला ठाऊक असलेलंच सांगते आहे, पण एकदा कुणीतरी तोंडानं सांगायला हवं. बाबांच्या बेकरीत नेवियोनं पिझ्झा सुरू केला तेव्हा आई गावभर सांगत फिरली की बेकर अम्मानची बायको ती ओली भाकरी तोंडात घालणार नाही. मग तूही खाली यायचं सोडलंस. आई नाही तर मी नाही. गावाला ते फार आवडलं. असा मुलगा असावा म्हणाले. आणि मग एका सोमवारी, गाव दुपारच्या जेवणाला घरोघरी बसलेलं असताना, आई मागच्या दारानं खाली आली. नेवियोला म्हणाली, “विजेच्या कपाटातलं अन्न मी खाणार नाही. माझ्या नवऱ्याची भट्टी पेटव, मग बघते तुला काय येतं.”

नेवियोनं कागदी सील किटलीची वाफ देऊन सोडवलं. संध्याकाळी पुन्हा चिकटवलं. त्यानंतर ती अंथरुणाला खिळेपर्यंत आमचा एकही सोमवार चुकला नाही. कांदा, खारवलेला मासा, आणि भट्टीतून काढल्यावर वर लोण्याचा गोळा. लोण्याला नेवियो रडायचा, पण बेकरच्या विधवेपुढे कोण बोलणार. आणि हातानं खायची, कास्पर. आपण हातानं खाल्लं तर चमचा बोटांवर मारणारी आई, तेल कोपरापर्यंत. तोंड पुसून झालं की दर खेपेला तेच: “कास्परला सांगायचं नाही. पोर माझ्यासाठी व्रत धरून बसलंय. त्याला कळलं तर त्यानं धरलेल्या व्रताचं काय?”

मग संध्याकाळी तू तिला सूप करून न्यायचास, कारण खालच्या वासानं तिची अन्नावरची वासना उडते असं ती तुला सांगायची. आणि ती पोटात अख्खा पिझ्झा घेऊन तुझं सूप वाडगा पुसून संपवायची. मी हसायचे. वाटायचं, वजनमापांच्या साहेबाला त्याच्याच घरात गंडवतोय आम्ही. कामावरून आल्यावर तू कोट काढत असशील, भिंतीला हात लावत असशील, ती गरम लागली की सूप जरा कमी करत असशील, हे माझ्या मनात कधी आलं नाही. काल आलं. हे मी अंदाजानं लिहिते आहे. चुकलं असेल तर दुरुस्त कर.

तिचं नाटक तिच्यासाठी तू चालू ठेवलंस. तुझं व्रत तुझ्यासाठी तिनं चालू ठेवलं. आणि मध्ये आम्ही, दोघांचा खर्च सांभाळणारे. आणि तुला कुणी खाली बोलावलं नाही.

हिर्शनमध्ये तू विचारलंस, आता सोमवारचं काय. तू सोमवार मागत होतास, कास्पर. मी तुला धुण्याची किल्ली दिली.

ती खोली आपल्या दोघांची होती. बाबा पहाटे भट्टी पेटवायचे आणि आपण त्या भिंतीला पाठी लावून झोपायचो, धुराडं वाकतं तिथली सगळ्यात उबदार जागा कुणाची यावरून लाथा मारत. तू मोठा म्हणून ती तू घ्यायचास, असं मी आजवर नेवियोला सांगत आले. खरं तर तू मलाच द्यायचास. त्या जागेत सिमेंट ओतायचं कलम आमच्या अर्जात होतं, आणि खाली माझी सही. मी ते वाचलंही नव्हतं. तू वाचलंस. तुझ्या आक्षेपात स्वरूप होतं, परंपरा होती, आई होती. भिंत तेवढी नव्हती. आपल्या घरात खरी गोष्ट कागदावर लिहायची पद्धत नाही. मीच मोडते आहे.

आणि पहिल्या पत्राच्या ताज्या कलमात मी खोटं बोलले. बाटली मी तुझ्याकडेही आणली होती. आर्किटेक्टचा पहिला आराखडा अगदी वेगळा होता. नवी चिमणी नाहीच. जुन्याच धुराड्यातून पोलादी नळी वर न्यायची. कौलांवर काही दिसणार नाही, म्हणजे काठ्या नाहीत आणि काठ्यांखाली ग्रोब नाहीत. फक्त धुराडं तुझ्या खोलीत वाकतं तिथे भिंत फोडावी लागते, म्हणून तुझी परवानगी. मी बाटली घेऊन तुझ्या दारापर्यंत आले. दार किलकिलं होतं. तू मोठ्या पातेल्यात सूप ढवळत होतास, आई गेल्यावरही दोन माणसांचं. सोमवार होता. भिंतीची गोष्ट काढली असती तर सोमवारची निघाली असती, आणि सोमवारची निघाली असती तर आईची. मी पाय न वाजवता खाली आले आणि आर्किटेक्टला म्हटलं, वरच्या मजल्याला विचारायचं नाही, दुसरं काहीतरी काढा. त्यानं आभाळात चिमणी काढली. जिन्यावर एक प्रश्न विचारण्यापेक्षा आम्हाला ते सोपं वाटलं. महिनाभर सारं गाव मान वर करून बघत होतं ते माझं न बोलणं, चार काठ्यांचं, चार सेंटीमीटर जास्त.

आज सकाळी नेवियोनं अर्ज मागे घेतला. ग्रोबना वाटलं आम्ही हरलो. म्हणाले, अहो, तुमचा भाऊ तर चूक कबूल करून गेला. काठ्या उद्या बाजार उठला की उतरतील. आता पालिकेपुढे आमचं काहीच नाही. तुझ्या आक्षेपाला आक्षेप घ्यायला चिमणी नाही, आणि चष्मेवाल्यांचा माणूस महिनाअखेरीस उत्तर मागायला येतो आहे. म्हणजे जे काही आहे ते आता तुझ्यापुढे आहे, म्हणून विचारते. हे मला त्या सोमवारीच विचारायचं होतं.

तुझ्या भिंतीतून येऊ का?

धूळ होईल. पलंग हलवावा लागेल. तुझ्या खोलीत परकी माणसं बूट घालून फिरतील आणि माप न घेता ठोकतील. हो म्हणालास तर भट्टी येईल आणि मंगळवारपासून रविवारपर्यंत ती भिंत रोज गरम राहील. सोमवारी आमची सुट्टी असते. सोमवारी तुझ्यासाठी पेटवू, सील न सोडवता, दिवसाढवळ्या. लोणी घालायचं की नाही ते तू आणि नेवियो ठरवा.

नाही म्हणालास तर आम्ही लेच्चेला जाऊ, आणि मी तुला दोष देणार नाही. पण जायच्या आधी एक सोमवार आहे. पिझ्झा विजेच्या कपाटातलाच मिळेल. तोही तुझाच. आणि सोमवारी धुणं नको आता.

या पत्राला तिकीट नाही. तुझ्या दाराखालून सरकवते आहे आणि बाटली घेऊन खाली आईच्या दारापाशी बसते आहे. पायरी खरंच झिजली आहे. मी पाय न वाजवता परत जाणार नाही, एवढं मात्र नक्की.

उबदार जागेची निम्मी वाटेकरी,
रेगुला